अठ्ठावीस नंबरचा मालक

१

बुधवारी सकाळी सव्वानऊला चाळणी ऑफिसात शिरली, तर शेअर विभागाच्या तिन्ही कपाटांवर कागदी पट्ट्या डकवलेल्या, आणि भाऊ बाहेर जिन्यात उभे. हातात डबा. गळ्यातलं ओळखपत्र गायब. एकतीस वर्षं ज्या माणसानं या दाराचं कुलूप उघडलं, त्यालाच आत यायला बंदी. आणि ती बंदी सांगायला कोण, तर गेल्या आठवड्यात लागलेला सिक्युरिटीवाला. तोही बिचारा मान वर करत नव्हता.

"काय झालं, भाऊ?"

"चोर ठरलोय," भाऊ म्हणाले. "तू वर जा. तुला बोलावलंय. माझ्या चोरीचा कागद तुझ्याच हातानं करून घ्यायचाय त्यांना."

चाळणी म्हणजे कंपनीची आतली ऑडिटर. कुठलीही फाइल तिच्यातून गेली की खडे बरोबर वर राहतात, म्हणून हे नाव. ठेवलं होतं भाऊंनीच. सात वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा शेअर म्हणजे काय, भागधारकांची यादी कशी वाचायची, हे सगळं त्यांनीच तिला बसवून शिकवलेलं. त्यामुळे ती जिना चढली ती पाय आपटतच.

वर अध्यक्ष मॅडम बसलेल्या. शेजारी त्यांचा जावई, म्हणजे विक्रीप्रमुख, ज्याला अख्खी कंपनी पाठीमागे जावईबापू म्हणायची. आणि फायनान्सचे साहेब, ज्यांच्या शर्टाला दिवस संपेपर्यंत सुरकुती पडत नसे, म्हणून त्यांचं नाव इस्त्री.

"उद्या अकराला बोर्डाची बैठक आहे," मॅडम म्हणाल्या. "हा अहवाल. तुझी सही हवी."

"वाचून?"

"वाच ना. सहीनंतर वाचलास तरी चालेल."

प्रकरण असं होतं. कंपनी ट्रक आणि बसचे ब्रेक बनवायची. बाजारात लाखो लोकांकडे तिचे शेअर. गेल्या शुक्रवारी बातमी फुटली की ब्रेकना तडे जातायत आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं माल घेणं थांबवलंय. दोन दिवसांत शेअर निम्म्यावर. पण त्याआधीच, मंगळवारी, एका भागधारकानं आपले झाडून सगळे शेअर एका ठोक सौद्यात विकून टाकले होते. एका हातातून दुसऱ्या हातात, एका भावानं, एका दमात. बातमी त्याला आधीच कळली होती, हे उघड होतं. आणि बातमी ठाऊक असलेल्यांची जी यादी कायद्यानं ठेवावी लागते, तिच्यात सोमवारची सहा नावं होती. पाच बोर्डाच्या खोलीतली. सहावं भाऊंचं.

"म्हणजे सहावा तो चोर?" चाळणी म्हणाली. "पाच जण सोडून?"

"नुसतं तेवढंच नाही," इस्त्री घसा साफ करत म्हणाले. "ते शेअर विकत कुणी घेतले, ते विचार."

"कुणी?"

"आपल्याच कामगारांच्या ट्रस्टनं. आणि खरेदीच्या कागदावर भाऊंची सही आहे."

२

समोरच्या गल्लीत एक चहाचं दुकान होतं. तिथल्या कोपऱ्यातल्या बाकावर भाऊ डबा न उघडता बसलेले.

"सही माझीच आहे," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. "विचारायला लाजू नकोस."

कामगारांचा ट्रस्ट म्हणजे साडेतीन हजार माणसांच्या पगारातून दर महिन्याला थोडं थोडं कापून कंपनीचेच शेअर घेणारी पेटी. निवृत्तीला उपयोगी पडतील म्हणून. विश्वस्त दोन. कंपनीकडून जावईबापू, कामगारांकडून भाऊ. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी खरेदी ठरलेली, दोघांच्या सह्या ठरलेल्या.

"पण या वेळी नऊपट खरेदी होती, भाऊ. नऊपट. तुम्ही बघितलं नाही?"

"बघितलं. फोन केला. जावईबापूंच्या ऑफिसातून सांगितलं की साठलेली शिल्लक एकदम वापरायचीय, वरून ठरलंय. त्यांची सही आधीच होती." भाऊ कपाकडे बघत राहिले. "एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. स्वतःच्या सहीला एक प्रश्न विचारला आणि गप्प बसलो. लेथवरचा एक म्हातारा गेल्या बुधवारी मला म्हणाला, भाऊ, तुम्ही घेतलेत म्हणजे चांगलेच असणार. शनिवारी कुठं तोंड लपवू असं झालं."

चाळणीची कानशिलं तापली. म्हणजे बघा, कुणीतरी बुडणारं जहाज आपल्याच घरच्या पोराबाळांना विकून स्वतः किनाऱ्यावर उडी मारली होती, आणि वर खलाशाला पकडून दिलं होतं.

"पण तुम्हाला सोमवारी बातमी कळली होती, असं यादीत आहे."

"मला गुरुवारी दुपारी कळली. बाजाराला पाठवायचं पत्र टाइप करायला दिलं, तेव्हा."

"मग यादीत सोमवार कसा?"

"ते मला काय माहीत? यादी सेक्रेटरीबाई लिहितात."

"आणि विकणारा कोण?"

भाऊ पहिल्यांदा सरळ बसले. "अठ्ठावीस नंबर. दर शुक्रवारी भागधारकांची यादी येते ना, त्यात वरून अठ्ठावीसावा. एक खासगी कंपनी. पाटी आहे, पत्ता आहे, माणूस दिसत नाही. आणि एक गंमत सांगू? एक टक्क्याच्या वर गेलं की नाव जगासमोर छापावं लागतं. हा चार वर्षं शून्य पॉइंट नऊवर बसलाय. एक शेअर वर नाही. ज्याला नियम पाठ आहे असा कुणीतरी आहे तो, पोरी."

"म्हणजे आपल्यातलाच."

"आपल्यातला नको म्हणूस," भाऊ म्हणाले. "वरचा म्हण."

३

जावईबापूंच्या खोलीत भिंतीवर त्यांचाच फोटो होता, बक्षीस घेतानाचा.

"ट्रस्टचं मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी सह्या करतो. दिवसाला शंभर करतो."

"नऊपट खरेदीचा कागद तुमच्या ऑफिसातून निघाला, सर."

"भाव पडलेला होता. कामगारांचा फायदा बघितला. आता फायदा बघणं हाही गुन्हा?"

"भाव शुक्रवारी पडला. कागद मंगळवारचा आहे."

जावईबापूंनी पेपरवेट उचलला, फिरवला, खाली ठेवला. "सल्ला मिळाला होता."

"कुणाचा?"

"सल्ला हा सल्ला असतो. माझ्या सासूबाईंशी बोल."

ही त्यांची नेहमीची शेवटची ओळ. तिच्यापुढे कुणाचा प्रश्न जात नसे. चाळणीनं वही मिटली आणि थेट इस्त्रींच्या केबिनमध्ये.

इस्त्री तिच्यावरच उखडले. "मी शेअर विकीन? माझ्या नावावरचा एक एक शेअर जाहीर आहे. बायकोचा, मुलीचा, सगळे. आणि गुपित ठेवायचं म्हणशील तर मला शिकवू नकोस. मार्चमध्ये बाहेरचे ऑडिटर गोदामातल्या मालाची फेरमोजणी मागत होते. बोर्डाच्या हिशेब समितीत मी आणि पेन्शन फंडाचे ते फंडवाले, दोघंच. दोघांनी बसून ती करून घेतली, मिटवली. वाऱ्यालासुद्धा लागू दिलं नाही. मॅडमनासुद्धा नाही."

"मला आत्ता सांगितलंत."

इस्त्रींच्या शर्टाला त्या दिवशी पहिली सुरकुती पडली. "तू आतली आहेस," ते पुटपुटले.

"भाऊपण आतलेच होते, सर. कालपर्यंत."

४

फंडवाले मात्र वेगळेच. एका मोठ्या पेन्शन फंडाकडे कंपनीचे नऊ टक्के शेअर होते, आणि फंडातर्फे हे गृहस्थ बोर्डावर बसायचे. पांढरे केस, मऊ आवाज, चाळणी आत आली तर उठून उभे राहिले.

"भाऊंचं ऐकून वाईट वाटलं, बेटा. चहा घेणार?"

"नको. तुमच्या फंडानं मंगळवारी काही विकलं?"

"एक शेअर नाही. तपासून बघ. आमचंच सगळ्यात जास्त बुडालंय." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "आमच्या फंडात पैसे कुणाचे? मास्तरांचे, नर्सांचे, बसड्रायव्हरांचे. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

चाळणीला क्षणभर खरंच बरं वाटलं. या इमारतीत कुणीतरी कुणाच्या तरी तोंडाचा विचार करत होतं.

"जावईबापूंबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

फंडवाले हसले. "मी तर त्यांच्या पगारवाढीला जाहीर विरोध केला होता. जुलैच्या सभेत. आमचं मत विरोधात पडलं, लेखी कारणासकट. आम्हाला प्रत्येक मताचं कारण लिहून द्यावं लागतं, फंडांना नियमच आहे तो. वीस वर्षं लिहितोय. आता घरी बायकोनं भाजी कुठली आणू विचारलं तरी कारणासकट सांगतो."

"तरी ठराव पास झाला."

"झाला. पंच्याहत्तर टक्के हवे होते, पंच्याहत्तर पॉइंट एक पडले. कुणीतरी ऐनवेळी तारलं त्याला." त्यांनी दार उघडून धरलं. "त्यालाच शोध, बेटा. तिथंच तुझा माणूस आहे."

ती लिफ्टपाशी पोचली आणि थांबली. पंच्याहत्तर पॉइंट एक. त्यातनं शून्य पॉइंट नऊ काढले तर ठराव आपटला असता. अठ्ठावीस नंबरनंच जावईबापूंना तारलं असेल तर? आणि जावईबापूंनी मंगळवारी त्याची परतफेड केली असेल तर?

मग अठ्ठावीस नंबर कोण हे सांगणारा कागद या इमारतीतच होता. फक्त तो एका घाबरलेल्या बाईच्या कपाटात होता.

५

सेक्रेटरीबाईंनी दार लावून घेतलं आणि मग परत उघडून बाहेर कुणी आहे का बघितलं.

"भाऊंचं नाव सोमवारी का लिहिलंत?" चाळणीनं उभ्या उभ्याच विचारलं.

"पद्धत आहे आमची. प्रकरण उघडलं की शेअर विभागाचं नाव आधीच टाकून ठेवते. सांगते नंतर, पत्र टाइप करायच्या वेळी. नाहीतर गडबडीत राहून जातं."

"म्हणजे भाऊंना सोमवारी काहीच माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"आणि हे तुम्ही काल वर सांगितलं नाही."

बाईंनी टेबलावरची टाचणी उचलली. "मला विचारलं नाही कुणी."

"एक माणूस एकतीस वर्षांची नोकरी घालवून जिन्यात उभा आहे आणि तुम्हाला विचारलं नाही कुणी."

"ओरडू नकोस ना. मला दोन मुली आहेत. माझा नवरा घरी बसून आहे."

"भाऊंनापण घर आहे, बाई."

चाळणीनं खुर्ची ओढून घेतली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "जुलैच्या सभेच्या मतांचं पाकीट द्या."

आता हे पाकीट काय, तर माणसं मत देतात ती कंप्युटरवर. पण एखादी कंपनी किंवा फंड मत देणार असेल तर सोबत पत्र लागतं, की आमच्या वतीनं अमुक माणूस मत देईल. ती पत्रं मतमोजणीवाला वकील तपासतो, लाखेनं बंद करतो आणि सेक्रेटरीकडे पाठवतो. कपाटात जातात, तिथंच राहतात. आतल्या ऑडिटरला ती बघायचा हक्क आहे, पण आजवर कुणी मागितली नव्हती.

बाईंनी किल्ली काढली. कपाट उघडून दिलं.

दोनशे चौदा खासगी कंपन्यांची पत्रं. चाळणीनं एक एक पालथं घातलं. सगळी दोन-चार ओळींची, तुटपुंजी. अठ्ठावीस नंबरचं मात्र जाड. सही कुणा अनोळखी बाईची. पण पत्रामागे टाचलेला एक कागद होता, सहा ठराव, सहा मतं, आणि प्रत्येक मतापुढे एक वाक्य.

तिनं ते वाचलं. मग मोठ्या फंडांच्या गठ्ठ्यातला एक कागद काढून शेजारी ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "हे बघा. बघा तुम्ही."

सेक्रेटरीबाईंनी बघितलं आणि उठून दाराला आतून कडी घातली.

६

गुरुवारी अकराला सगळे गोल टेबलाशी. भाऊंना बाहेर बाकावर बसवलेलं, निर्णय ऐकायला.

"सही आणलीस?" मॅडमनी विचारलं.

"आणली. अहवाल माझा आहे, तुमचा नाही." चाळणीनं दोन कागद टेबलावर ठेवले. "अठ्ठावीस नंबरचा मालक या खोलीत आहे."

तिनं कागद टेबलाच्या मधोमध सरकवले.

"जुलैच्या सभेत दोनशे चौदा खासगी कंपन्यांनी मतं दिली. कुणीही कारण लिहिलं नाही. कोण लिहील? खासगी माणूस हो म्हणतो किंवा नाही म्हणतो आणि घरी जातो. कारण लिहायची सक्ती फक्त फंडांना. पण अठ्ठावीस नंबरनं सहाही ठरावांना कारण लिहिलं. हात सरावलेला होता. वीस वर्षांचा सराव, सुटता सुटत नाही."

फंडवाले शांतपणे म्हणाले, "कारण कुणालाही लिहिता येतं, बेटा."

"येतं. म्हणून पुढे बघितलं. ठराव दोन, हिशेब मंजूर करणं. अठ्ठावीस नंबर लिहितो, गोदामातल्या मालाची फेरमोजणी समाधानकारक झाली आहे. ही फेरमोजणी बोर्डालाही माहीत नव्हती."

मॅडमनी गर्रकन मान वळवली. "कसली फेरमोजणी?"

इस्त्री टेबलाखाली जायचे तेवढे बाकी राहिले.

"समितीत दोघंच होते," चाळणी म्हणाली. "फायनान्सचे साहेब आणि फंडवाले. साहेबांनी जन्मात कधी मताचं कारण लिहिलेलं नाही. उरले तुम्ही. आता ठराव सहा, जावईबापूंची पगारवाढ. तुमच्या फंडाचा कागद म्हणतो, नामंजूर, कारण पगार कामगिरीच्या प्रमाणात नाही. अठ्ठावीस नंबरचा म्हणतो, मंजूर, कारण पगार कामगिरीच्या प्रमाणात आहे. बाकी शब्द न् शब्द तेच. मास्तर-नर्सांसमोर नाही म्हणालात आणि मागच्या दारानं हो. कालही मलाच सांगत होतात की तारणाऱ्याला शोध. मला वाटलं मदत करताय. तुम्ही फक्त जावईबापूंकडे बोट दाखवत होतात, म्हणजे पकडला गेलाच तर तो एकटा."

फंडवाल्यांचा आवाज अजून मऊच होता. "हा नुसता तर्क आहे."

पण जावईबापूंचा चेहरा पिठासारखा झालेला. एकटा हा शब्द त्यांच्या डोक्यात शिरला होता. "तुम्ही म्हणालात पाकीट कुणी उघडत नाही," ते फंडवाल्यांवरच घसरले. "तुमच्या मेहुणीची कंपनी आहे, कुणाला पत्ता लागणार नाही, म्हणालात. ट्रस्टला विका, सहीला म्हातारा आहेच, हेही तुम्हीच."

म्हातारा. दाराबाहेरच्या बाकावर बसलेला. चाळणीनं मुठी टेबलाखाली धरल्या, नाहीतर तिनं खरंच काहीतरी फेकून मारलं असतं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या बोलल्या तेव्हा आवाज अगदी घरातला होता. "ठीक आहे. भाऊंना आत्ता परत कामावर घ्या. सन्मानानं. वाटलं तर पत्रक काढू. बाकीचं या खोलीतच राहू दे. शेअर आधीच निम्म्यावर आलाय, अजून आपटला तर नुकसान कामगारांचंच आहे, नाही का?"

"नुकसान झालंय, मॅडम. विकणाऱ्याकडून वसूल करून ट्रस्टला द्यायचं आहे. त्यासाठी हे खोलीबाहेर जावं लागेल."

"तुला नोकरी करायची नाही का?"

"करतेच आहे."

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून, जिथून आजवर कधी आवाज आला नव्हता, तिथून सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अहवाल बाजार नियामकाकडे गेलाय. दोन्ही कागदांसकट. दहा चाळीसला मीच पाठवला." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "भाऊंचं नाव सोमवारी मी टाकलं होतं, तेही लिहिलंय त्यात."

७

भाऊंना सगळं जिन्यातच सांगितलं. ते खूश होतील असं चाळणीला वाटलं होतं. नाही झाले. ओळखपत्र परत मिळालं ते त्यांनी खिशात टाकलं, गळ्यात घातलं नाही.

"चला भाऊ, कपाटांच्या पट्ट्या काढू."

"आधी खाली."

"खाली कुठं?"

"कारखान्यात. जेवणाची सुट्टी होईल आता. उद्या सूचनाफलकावर काहीतरी गुळमुळीत लागेल, कुणाला कळणार नाही. मीच सांगतो."

"तुमचं नाव साफ झालंय. आता कशाला भाऊ? कुणीतरी अंगावर येईल."

"येऊ दे. त्यांचे पैसे आहेत, त्यांना चिडायला नको?" भाऊ थांबले. "तुझ्या अहवालात मी निर्दोष आहे. बरोबर आहे ते. पण मी एकच प्रश्न विचारून गप्प बसलो, हे तुझ्या चाळणीतून गेलं तरी माझ्या नाही जात."

तिला त्यांच्यावरही राग आला, आणि त्या रागातच ती त्यांच्याबरोबर निघाली.

कारखान्यात यंत्रं थांबत होती, एकेक करून. माणसं डबे घेऊन बाकांकडे सरकत होती. भाऊंना बघून लेथवरचा तो म्हातारा थांबला. त्याच्यामागे आणखी दोघं. मग दहा. कुणीतरी मागून म्हणालं, "आले बघा शेअरवाले." कुणी हसलं नाही. भाऊ मालाच्या पालथ्या पेटीवर चढले, तोल गेला, चाळणीनं कोपर धरलं. ते त्यांनी सोडवून घेतलं.

"मंगळवारच्या कागदावर सही माझी होती," भाऊ म्हणाले. आवाज मागपर्यंत पोचला. "आधी मला काय बोलायचं ते बोला. मग सांगतो, तो कागद कुणी पाठवला आणि तुमचे पैसे आता कुणाकडून मागायचे."